फायनलचे पेढे

पेढे दुपारीच आणले, तिथंच चुकलं,
असं भेंडे अजून म्हणतायत.
दोन किलोंचा बॉक्स अख्खा सामना माझ्या मांडीवर होता.
चाळीस सेकंद उरली असताना पेनल्टी कॉर्नर लागला
तेव्हा मी झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं,
जसं काही आतलं उडून जाणार होतं.

तीन-दोन.

आता अँटॉप हिलच्या पाण्याच्या टाकीखाली
आम्ही सहा जण, ताशेवाला धरून सात.
त्यानं न मागता निम्मे पैसे परत केले
आणि मग घरी गेलाच नाही.

फ्लॅव्हियाबाई म्हणतात, अंपायर मॅनेज झाला होता.
गुरबक्ष, जो पोरींच्या स्टिकना फुकट टेप गुंडाळून देतो,
शपथेवर सांगतो की चेंडू पायाला लागलाच नाही.
लागला होता.
डाव्या बुटाला, रेश्माच्या,
त्याच बुटाला ज्याचा तळ आपण वर्गणी काढून शिवून घेतला.
मी बघितलं. मी इथं काही बोलणार नाही.

गणपती उठल्यावरची पहिली मॅच आठवते का कुणाला?
कुर्ल्याच्या पोरींनी सात घातले.
पॅडचे पट्टे तुटलेले, मेहजबीननं ओढणीनं बांधले होते.
सातव्याला ती जी पडली
ती उताण्या कासवासारखी, उठता येईना,
आणि तेव्हा आपण पहिल्यांदा ओरडलो.
कशाला ओरडलो देव जाणे.
आठवा होऊ नये म्हणून असेल.
झाला नाही.

तसे आम्ही कुणाचेच कुणी नाही.
पोरींचे आईबाप कामावर असतात त्या वेळेला.
मी तर सावलीसाठी आलो होतो,
वॉर्ड ऑफिसातून, डबा घेऊन.
मैदानाच्या कडेला एक बाक, मुरमाची धूळ, भेंडीची भाजी,
समोर अकरा वेण्या एका चेंडूमागे.
भाजी संपली. बसून राहिलो.
त्या दिवशी लेट मार्क लागला,
मग एकोणीस लागले.
साहेबांनी विचारलं, घरी आजारी आहे का कुणी?
मी म्हटलं, हो, डिफेन्स.

आणि मालाडची सेमीफायनल!
शूटआउट, आठ सेकंद, एकटी हरलीन.
गोलकीपरला चकवून तिनं मारलेला चेंडू
इतका रमतगमत रेषेकडे निघाला
की भेंड्यांना गुडघे सांभाळत उभं राहायला वेळ मिळाला.
त्या रात्री फ्लॅव्हियाबाईंनी गुरबक्षला मिठी मारली
आणि दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत.

एवढं सगळं होऊन आज
चर्चगेटच्या निळ्या टर्फवर
ती चाळीस सेकंद.

टेम्पो आला. किटबॅगा उतरल्या.
रडत होते ते फक्त कांबळी सर,
पोरी त्यांना पाणी देत होत्या.
आम्ही उभे राहिलो, टाळ्या वाजवाव्यात की नाही
हे कुणालाच ठरवता येईना.
गुरबक्षनं एकदा वाजवली, एकच.

मेहजबीन थेट माझ्यासमोर.
"काका, बॉक्समध्ये काय आहे?"
मी म्हटलं, काही नाही.
तिनं झाकण उघडलं,
घामानं ओला ग्लोव्ह तसाच आत घातला
आणि तीन पेढे एकदम उचलले.
मग सगळ्याच तुटून पडल्या, भुकेल्या होत्या,
पाच तासांत पोटात फक्त ग्लुकोज.

सोसायटीचा वॉचमन आला. "जिंकलात वाटतं! कशाचे पेढे?"
आम्ही सगळे टाकीकडे बघायला लागलो.
"फायनलचे," ती म्हणाली, तोंड भरलेलं,
आणि त्याच्याही हातावर एक ठेवला.

ताशेवाल्यानं दोन खाल्ले,
वर म्हणाला, गोड जरा कमीच आहेत.

रेश्मा टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून
डावा बूट काढत होती.
तिच्यासाठी एक पेढा मी कागदात बांधून ठेवला होता.
दिला. तिनं खाल्ला नाही, खिशात ठेवला.
मी विचारलं, सोमवारी सराव आहे ना?
"सोमवारी बीजगणित."
बरं, मंगळवारी.
"बघू," म्हणाली,
आणि बुटाचा तळ अंगठ्यानं दाबून पाहिला,
शिवण धरून आहे का ते.